कळफलकावरची कात्री

ध्वनिफितीच्या काळात एक सेकंद पंधरा इंच लांब असे. स्टुडिओतलं यंत्र सेकंदाला १५ इंच फीत ओढायचं. बोलक्या कार्यक्रमांना साडेसात इंचांचा वेगही चालून जायचा. बोलणाऱ्याने वाक्याच्या मधोमध पेरलेलं एक ‘म्हणजे’ साधारण ०.४ सेकंदाचं धरलं, तर ते फितीवर चांगली सहा इंच जागा खायचं. ते काढायचं तर संपादक दोन्ही रिळांवर तळवे टेकवायचा आणि फीत आवाज वाचणाऱ्या हेडवरून हातानेच पुढे-मागे हलवायचा. स्पीकरमधून घोगरा, ताणलेला आवाज यायचा. ‘म’चा मिटल्या ओठांचा गुणगुणाट जिथे सुरू होतो तिथे पिवळ्या मेणपेन्सिलीने एक खूण, पुढचा शब्द सुरू होण्याआधी दुसरी. मग खाच असलेल्या धातूच्या ठोकळ्यावर फीत बसवायची, ब्लेडने ४५ अंशांत तिरकी कापायची आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. तिरकीच का? सरळ कापलेल्या फितीचा सांधा ‘टक्’ असा ऐकू येतो. तिरक्या कापात एक आवाज विरत असतानाच दुसरा उगवतो.

ही रीत रुळली दुसऱ्या महायुद्धानंतर. जॅक मुलिन या अमेरिकी सैन्यातल्या अभियंत्याने जर्मनीतून फितीवर ध्वनिमुद्रण करणारी दोन मॅग्नेटोफोन यंत्रं सुटी करून घरी पाठवली, १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं प्रात्यक्षिक दिलं आणि १९४७ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम त्याच यंत्रांवर ध्वनिमुद्रित आणि संपादित व्हायला लागला. क्रॉस्बीला थेट प्रसारणाचा कंटाळा होता. त्याच्या कंटाळ्याने एक धंदा उभा राहिला. आपल्याकडे आकाशवाणीच्या केंद्रांवरही पुढे कित्येक वर्षं ब्लेड आणि चिकटपट्टी हीच संपादकाची हत्यारं होती.

या कामाबद्दल एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. त्यात डोळ्याला काहीच दिसत नसे. फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच तपकिरी. शब्द कुठे आहे, श्वास कुठे आहे, खोकला कुठे आहे, हे कानाने शोधायचं आणि हाताने धरायचं. डोळ्याचं काम खूण पाहून ब्लेड फिरवण्यापुरतं.

संगणकाने हा हिशेब उलटा केला. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत थॉमस स्टॉकहॅम यांच्या साउंडस्ट्रीम कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डिजिटल संपादन करून दाखवलं. १९८९ मध्ये डिजिडिझाइन कंपनीचं ‘साउंड टूल्स’ आलं, १९९१ मध्ये त्याचा पुढचा अवतार ‘प्रो टूल्स’. पुढे घरगुती संगणकावर ‘कूल एडिट’ आलं, ते २००३ मध्ये अडोबीने विकत घेऊन ‘ऑडिशन’ केलं. आणि २००० साली कार्नेगी मेलन विद्यापीठातून फुकट मिळणारं ‘ऑडॅसिटी’ बाहेर पडलं. ते डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी आदल्या वर्षी करायला घेतलं होतं. या सगळ्यांत ध्वनीचं चित्र झालं. पडद्यावर निळ्या-हिरव्या तरंगांची रांग उभी राहिली आणि संपादक ऐकायच्या आधी बघायला लागला. सोबत हातात माउस आला, आणि माउसला डोळा लागतोच. कर्सर कुठे आहे हे पाहिल्याशिवाय तो हलवता येत नाही.

आज माउसने एक ‘अं’ काढणारा माणूस बघा. आधी भिंगाच्या चित्रावर क्लिक करून तरंग मोठा करतो. मग ‘अं’चा फुगवटा शोधून त्यावर ओढून निवड करतो, कड थोडी चुकते, पुन्हा ओढतो. वर मेनूत जातो, ‘एडिट’ उघडतो, ‘डिलीट’ शोधतो, क्लिक करतो. कर्सर थोडा मागे आणून ठेवतो, ‘प्ले’च्या बटणावर जातो. सांधा बरा वाटला तर भिंग पुन्हा लहान, आणि पुढचा ‘अं’. या सगळ्यात कान मोकळा आहे, पण तो बसून आहे. मालक डोळा झालाय.

शॉर्टकट म्हणजे कळांची चोरवाट. वेळ वाचतो म्हणून ती शिकावी, असं सगळेच सांगतात, आणि वेळ वाचतो हे खरंही आहे. पण माझ्या मते तो दुय्यम फायदा आहे. कळ बोटाला न बघता सापडते, त्यामुळे हात डोळ्याच्या तावडीतून सुटतो आणि संपादन पुन्हा कानाच्या हवाली होतं. बाकीचा लेख या एका म्हणण्याभोवती आहे. पण आधी वेळेचा हिशेब करून टाकू, कारण पटवायला आकडे सोपे पडतात.

*

कट, कॉपी, पेस्ट हे तिन्ही शब्द छापखान्याच्या आणि प्रकाशनाच्या टेबलावरून आले. हस्तलिखिताचा परिच्छेद कात्रीने कापून दुसरीकडे खळीने डकवायचा, ही जुनी चाल लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पडद्यावर आणली. त्यांचा ‘जिप्सी’ हा कार्यक्रम पुस्तकाच्या प्रकाशकांसाठीच होता. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले, आणि १९८३ च्या ‘लिसा’ संगणकावर एक्स, सी, व्ही या कळा ठरल्या. एक्स म्हणजे काट मारल्याची फुली. सी हे कॉपीचं पहिलं अक्षर. व्ही हे मुद्रितशोधक मजकूर घालायला जी काकपदाची खूण करतात तिचं उलटं रूप. झेड त्यांच्या शेजारीच, म्हणून ‘केलेलं रद्द’ त्याच्याकडे. चारही कळा डाव्या हाताच्या खालच्या ओळीत एका रांगेत. उजव्या हातात माउस राहावा अशी ती सोय. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले. जगातला क्वचितच कुठला कळफलक असेल ज्यावर त्यांच्या चार कळा रोज दाबल्या जात नाहीत.

त्याच झेरॉक्सच्या केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि टॉमस मोरान हे कार्नेगी मेलनच्या ॲलन न्यूवेल यांच्यासोबत घड्याळ लावून बसले होते. १९८० मध्ये त्यांनी संगणकावरच्या कामाची वेळ आधीच सांगणारं एक प्रारूप प्रसिद्ध केलं. त्यातले आकडे आजही वापरले जातात: मध्यम वेगाने टंकणाऱ्याला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद, माउसने पडद्यावरच्या एखाद्या जागी पोचायला १.१ सेकंद, हात कळफलकावरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद, आणि पुढे काय करायचं हे मनात ठरवायला १.३५ सेकंद.

आता मेनूतून डिलीट करा. ‘एडिट’पर्यंत जायला १.१, क्लिक ०.२८, ‘डिलीट’पर्यंत पुन्हा १.१, क्लिक ०.२८. झाले २.७६ सेकंद. ऑडॅसिटीत तेच काम कंट्रोल आणि के या दोन कळांनी ०.५६ सेकंदांत होतं. फरक २.२ सेकंदांचा. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण अर्ध्या तासाच्या मुलाखतीत ३०० काप धरा, आणि प्रत्येक कापामागे मोठं करणं, काढणं, ऐकून बघणं, लहान करणं अशा चार आज्ञा धरा. १,२०० आज्ञा गुणिले २.२ म्हणजे २,६४० सेकंद. ४४ मिनिटं. मुलाखतीपेक्षा जास्त वेळ माउस नुसता चालण्यात गेला.

याला तोलामोलाचा विरोधकही आहे. ॲपलचे ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहून ठेवलं की माणूस संगणक कसा वापरतो या संशोधनावर आपल्या कंपनीने पाच कोटी डॉलर खर्च केलेत आणि त्यातला एक निष्कर्ष उलटा आहे: लोकांना वाटतं कळफलक वेगवान, घड्याळ सांगतं माउस वेगवान. त्यांचं कारण मार्मिक होतं. कुठली कळ दाबायची हे आठवण्यात दोनेक सेकंद जातात, पण आठवण्याच्या नादात ते गेल्याचं कळत नाही. माउस फिरवताना मात्र हात रिकामटेकडा फिरतोय हे ढळढळीत जाणवतं.

टॉग्नाझिनींचं म्हणणं नवशिक्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे. वर्षातून दोनदा जी आज्ञा लागते तिच्यासाठी कळ पाठ करणं हा शुद्ध वेडेपणा. त्यासाठी मेनूच बरा. पण त्याच चार आज्ञा एका बैठकीत १,२०० वेळा द्यायच्या असतील तर आठवायचं काय त्यात? तबलजी ‘धा’ कुठे वाजतो ते आठवत नाही. आणि मजकुरावर काम करणाऱ्याचा डोळा तसाही मजकुरावरच असतो. ध्वनीवर काम करणाऱ्याचं अवधान डोळ्यापाशी असायचं कारणच नाही.

तरीही लोक कळा शिकत नाहीत. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये दाखवलं की वर्षानुवर्षं ‘वर्ड’ वापरणारेसुद्धा मेनू आणि चित्रांवरच अडकून राहतात. काम होतंय, मग बदला कशाला? ध्वनिसंपादनातही हेच दिसतं. दहा वर्षं झालेला माणूस स्पेसबारने प्ले करतो, कंट्रोल-झेडने चुका मागे घेतो आणि उरलेला सगळा प्रपंच माउसवर चालवतो.

*

ऑडॅसिटीपासून सुरुवात करू, कारण मराठीत पॉडकास्ट करणारे, शाळेचे पाठ ध्वनिमुद्रित करणारे शिक्षक, घरच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवणारे, यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हाती पहिल्यांदा तेच पडतं. पुढचं वर्णन त्याच्या तिसऱ्या मालिकेतल्या आवृत्त्यांना धरून आहे.

पहिल्या फेरीत कापायचं नाही. स्पेसबार दाबायचा आणि मुलाखत सलग ऐकायची. खटकलं तिथे कंट्रोल-एम. आवाज न थांबता त्या क्षणावर एक लेबल बसतं. त्यात ‘खोकला’, ‘पुन्हा म्हटलं’, ‘गाडीचा हॉर्न’ असं काही लिहायचं आणि एंटर. इथे नवशिक्या हमखास फसतो. लेबल उघडं असेपर्यंत सगळ्या कळा लेबलात जातात, त्यामुळे आवाज थांबवायला दाबलेला स्पेसबार लेबलात रिकामी जागा टाकतो आणि आवाज चालूच राहतो. एंटर विसरायचा नाही, एवढंच. ही फेरी संपली की सगळ्या मुलाखतीचा नकाशा तयार असतो, आणि मुख्य म्हणजे माणूस काय म्हणतोय ते एकदा पूर्ण ऐकून झालेलं असतं. जे पहिल्या मिनिटापासून कापत सुटतात ते विसाव्या मिनिटाला कळतं तेव्हा पस्तावतात: सुरुवातीला फालतू म्हणून उडवलेल्या वाक्याचा धागा इथे येऊन जुळत होता.

दुसऱ्या फेरीतली खरी करामत चौकोनी कंसांच्या दोन कळांत आहे. आवाज चालू असताना डावा कंस दाबला की निवड तिथून सुरू, उजवा दाबला की तिथे संपली. माउस नाही, ओढाओढ नाही. फितीवरच्या मेणपेन्सिलीच्या दोन खुणा त्या याच. मग झेड दाबायचा, नुसता, कंट्रोलशिवाय: निवडीच्या दोन्ही कडा जवळच्या शून्यरेषेवर सरकतात. तरंग वर-खाली होताना जिथे मधली रेषा ओलांडतो तिथे कापलं तर ‘टक्’ होत नाही. तिरक्या ब्लेडने जे साधायचं ते इथे एका कळेने साधतं. आणि कापण्याआधी सी, हाही नुसता: निवडलेला भाग वगळून त्याच्या आधीचं आणि नंतरचं जोडून ऐकवलं जातं. काप न करताच कापल्यावर कसं वाटेल ते कळतं. ब्लेडवाल्यांना हे सुख नव्हतं. पटलं की कंट्रोल-के. एखादी कळ चालली नाही तर प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डच्या पानावर जाऊन ‘फुल’ हा संच निवडावा. झोपलेल्या बऱ्याच कळा जाग्या होतात.

के आणि एल शेजारी आहेत, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं. कंट्रोल-के भाग काढून दोन टोकं जुळवतं. कंट्रोल-एल भाग तिथेच ठेवून त्यातला आवाज पुसतं. बोट एका घराने घसरलं की वाक्यात ठार शांततेचं भोक पडतं, आणि असं भोक ‘अं’पेक्षा जास्त टोचतं. कुठलीही खोली गप्प नसते. पंखा, रस्ता, भिंतींचा दबका गुंजारव, हे सगळं बोलण्याच्या मागे चालू असतं आणि ते अचानक बंद झालं की श्रोता दचकतो. म्हणून जाणते लोक ध्वनिमुद्रणाच्या वेळीच खोलीची अर्ध्या मिनिटाची नुसती ‘शांतता’ टिपून ठेवतात आणि भोकं बुजवायला तीच वापरतात.

मुंबईतल्या डबिंगच्या आणि सिनेमाच्या स्टुडिओंत प्रो टूल्स किंवा न्यूएंडो असतं, आणि तिथला वेग पाहणाऱ्याला गरगरायला लावतो. प्रो टूल्समध्ये ए ते झेड असं लिहिलेलं एक छोटं बटण आहे. ते पेटलं की सगळा कळफलक हत्यारांची पेटी होतो. कंट्रोल, कमांड काही दाबायला नको. ए दाबला की क्लिपचा कर्सरपर्यंतचा पुढचा भाग छाटला जातो, एस दाबला की मागचा. बी म्हणजे दोन तुकडे. डी म्हणजे सुरुवातीला हळू उगवणं, जी म्हणजे शेवटी विरणं, एफ म्हणजे दोन तुकड्यांचं एकमेकांत मुरणं. आर आणि टी लहान-मोठं करतात. ए, एस, डी, एफ, जी सलग एका ओळीत, डाव्या हाताच्या बोटांखाली. ज्याने ही मांडणी केली त्याने हाताकडे बघून केली. व्हिडिओवाल्यांकडून आलेली जे, के, एल ही तिकडीही अशीच: मधलं थांबा, डावीकडचं मागे, उजवीकडचं पुढे, आणि पुन्हा दाबलं की वेग वाढतो.

एका सॉफ्टवेअरची सवय दुसऱ्यात मात्र दगा देते. प्रो टूल्सवाला आर दाबून तरंग लहान करतो. तोच माणूस ऑडॅसिटीवर बसून सवयीने आर दाबतो आणि ध्वनिमुद्रण सुरू होतं. रीपर या तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एस दाबला की क्लिपचे नुसते दोन तुकडे होतात, छाटलं काहीच जात नाही. म्हणून दोन ठिकाणी काम करणारे कळा स्वतः बदलून दोन्हीकडे सारख्या करून घेतात. रंगीत कळांचे कळफलक, फिरती चकती असलेले छोटे खोके, चित्रांच्या बटणांच्या पाट्या हेही बाजारात मिळतात. हौस असेल तर घ्यावेत. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

*

आता मराठीबद्दल, कारण शॉर्टकटांच्या याद्या इंग्रजीत छापलेल्या असतात आणि त्या आपल्या व्यंजनांची काळजी घेत नाहीत.

क, ट, त, प उच्चारताना तोंडात हवा क्षणभर अडते आणि मग सुटते. तो अडण्याचा क्षण तरंगात सपाट रेघ म्हणून दिसतो. डोळ्याला ती रेघ म्हणजे मोकळी जागा. एका अर्थी ती आहेच: या व्यंजनांच्या तोंडाशी केलेला काप कानाला कळत नाही, म्हणून मुरलेला संपादक सांधा शोधताना आधी तिथेच जातो. पण ‘पका’ आणि ‘पक्का’ यांतला फरक मुख्यतः त्या रेघेच्या लांबीचा आहे. ‘पक्का’मधली शांतता लांबलचक, ‘पका’मधली तोकडी. ‘सत्ता’, ‘पत्ता’, ‘चिठ्ठी’ सगळ्यांचं हेच. मोकळ्या जागा आपोआप छाटणारी सोय ऑडॅसिटीत आहे आणि तिचं मूळ सेटिंग अर्ध्या सेकंदाचं असल्याने ती जोडाक्षरांना शिवत नाही. घाईच्या माणसाने ती मर्यादा ०.१ सेकंदावर आणली की पक्क्या वचनाचं पिकलेलं फळ व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं फसवं व्यंजन म्हणजे श. तरंगात तो बारीक, केसाळ धुरासारखा दिसतो, मोठा फुगवटा त्यानंतरच्या स्वराचा. माउसवाला फुगवटा पाहून कड ठरवतो आणि ‘श’चा पुढचा भाग कापून टाकतो. घर्षणाचा आरंभ कापला की कानाला तो ‘च’ ऐकू येतो. हे ध्वनिशास्त्राच्या वर्गांत करून दाखवतात. परिणामी ‘शहा’चा ‘चहा’ होतो. शब्दाच्या शेवटचे ‘ध’, ‘घ’, ‘ख’ही तसेच, त्यांचा हकार पुसट विरतो आणि डोळा त्याला खोलीचा आवाज समजून उडवतो. कंसाच्या कळांनी, ऐकत ऐकत निवड केली तर या चुका जवळपास होत नाहीत, कारण तुम्ही शब्द संपल्यावर बोट दाबता. तरंग कुठे संपलेला दिसतो याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसतं.

श्वासाचंही असंच. ‘म्हणजे’ काढलं, पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा श्वास दोन्ही ठेवले, तर माणूस लागोपाठ दोनदा श्वास घेताना ऐकू येतो. असा माणूस जगात नसतो. एक श्वास जायलाच हवा, शक्यतो पहिला.

आणि सगळे ‘म्हणजे’ काढू नयेत. मराठी माणूस बोलताना ‘ना’, ‘बघा’, ‘काय आहे’, ‘हो की नाही’ पेरतो ते दरवेळी अडखळणं नसतं. समोरच्याला सोबत घेऊन चालण्याची ती रीत आहे. गावाकडच्या वयस्कर बाईच्या मुलाखतीतून हे सगळं गाळलं की उरतं ते वर्तमानपत्राचं निवेदन. इथे वेगाचा धोका सुरू होतो. काप करायला पाच सेकंद लागत होते तेव्हा प्रत्येक कापाला मनात परवानगी मागावी लागे. अर्धा सेकंद लागायला लागला की हात विचारत नाही. आता तर बोलण्याचा मजकूर लिहून देणारी आणि शब्द पुसला की आवाज कापणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. अडखळण्याचे सगळे उच्चार एका दमात काढून देण्याचं त्यांचं आश्वासन असतं. त्यात कान तर नाहीच, हातही उरत नाही. बातमीच्या तुकड्याला ते चालेल. आठवणी सांगणाऱ्या माणसाला नको.

*

संपादन कानाने होतं, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी अंध संपादकांचं काम ऐकावं. त्यांच्यासाठी तरंगाचं चित्र नाही, माउस नाही, भिंग नाही. कळफलक हा त्यांच्यासाठी जलद मार्ग नसून एकमेव मार्ग आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर सुरू केलं, आणि जेम्स टेह हे दुसरे अंध तरुण त्यात सामील झाले. ते मराठीतही वाचतं. त्याच जेम्स टेह यांनी पुढे रीपर या संपादन-सॉफ्टवेअरसाठी ‘ओसारा’ ही मोफत जोड लिहायला घेतली. बाण दाबला की कर्सर कुठे पोचला ते ती बोलून सांगते, कुठल्या ट्रॅकवर आहोत ते सांगते, आवाजाची पातळी किती चढली ते सांगते. रीपर निवडण्यामागे कारण होतं: त्यातली जवळपास प्रत्येक आज्ञा हवी त्या कळेला बांधता येते, आणि चार आज्ञा एकत्र गुंफून एका कळेवर बसवता येतात. ऑडॅसिटीतही पडदावाचकासोबत काम करता येतं.

डोळसांच्या वेगासाठी कळा करून ठेवल्या आणि अंधांची सोय आपोआप झाली, असं कुणी समजू नये. ज्या आज्ञेला कळ नाही ती आज्ञा अंध संपादकापुरती अस्तित्वातच नसते, आणि अशा आज्ञा व्यावसायिक सॉफ्टवेअरांत अजून ढिगाने आहेत. ज्या जोडण्यांमुळे हे काम शक्य झालं, त्यातल्या कित्येक कामाची गरज असलेल्यांनी स्वतःच लिहिल्या. ध्वनीच्या क्षेत्रात अंध माणसांना नोकऱ्या देणाऱ्या कुणालाही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एवढा एकच प्रश्न विचारता येईल: हे सगळं माउसशिवाय करता येतं का?

मराठी ऑडिओबुकांना २०१७ मध्ये स्टोरीटेल ही ऑडिओबुकांची कंपनी भारतात आल्यावर जोर चढला, पॉडकास्ट त्यानंतर बहरले, आणि आज बरीच तरुण मुलं घरच्या लॅपटॉपवर तासन्‌तास बोलणं कापत बसलेली आहेत. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. व्हिडिओ पाहून ती शिकतात आणि व्हिडिओत माउस फिरताना दिसतो म्हणून माउस फिरवतात. त्यांच्यासाठी चार शब्द. पन्नास कळांची यादी भिंतीवर चिकटवू नका, तिच्याकडे बघायलाही डोळाच लागतो. एका आठवड्यात तीनच कळा घ्या आणि त्या आठवड्यात त्या कामांसाठी माउसला हात लावू नका. हळू जाल, चिडचिड होईल, दहाव्या तासाला बोटं आपणहून जातील. कंस, झेड आणि सी आधी शिका. मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण कंट्रोल-झेडची स्मरणशक्ती प्रकल्प बंद करेपर्यंतचीच असते. आणि फाइल पाठवण्याआधी लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड पूर्ण घालवा, स्पेसबार दाबा आणि पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐका. जो सांधा तेव्हा ऐकू आला, तो पुन्हा करा.